वामनदादा कर्डक : कष्टकऱ्यांच्या गाण्याचा कवी

वामन तबाजी कर्डक, म्हणजे उभ्या महाराष्ट्राचे वामनदादा, हे आंबेडकरी गीतपरंपरेतले सर्वांत मोठे गीतकार. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी या खेड्यात १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला आणि १५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. शाळेची पायरी न चढलेल्या या माणसाने हजारो गीते रचली, स्वतः गावोगाव फिरून गायली आणि शिष्यांच्या हाती सोपवली. ज्या घरांत पुस्तक नव्हते आणि असते तरी वाचणारे कोणी नव्हते, त्या घरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार पोहोचवण्याचे मोठे काम या गीतांनी केले.

अमेरिकेत काळ्या शेतमजुरांच्या आणि कामगारांच्या गाण्याने, म्हणजे ब्लूजने, अशाच वंचित घरांचे जगणे मांडले. गुलामगिरी १८६५मध्ये कायद्याने संपली, तरी मिसिसिपी राज्याच्या डेल्टा भागातल्या कापसाच्या मळ्यांवर काळी माणसे बटाईने राबत राहिली आणि कर्जात बुडत राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला त्या मळ्यांतून, तुरुंगांतून आणि रेल्वेच्या कामांवरून हे गाणे उभे राहिले. १९२०मध्ये गायिका मेमी स्मिथ यांच्या ध्वनिमुद्रिकेने ते बाजारात आले. रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, बी. बी. किंग हे त्याचे थोर गिटारवादक आणि गीतकार. बी. बी. किंग यांचा जन्म १९२५चा, म्हणजे ते वामनदादांहून अवघ्या तीन वर्षांनी लहान.

महाराष्ट्रातील जातिअंताच्या लढ्याने अमेरिकेतल्या या लढ्याकडे सुरुवातीपासून आपुलकीने पाहिले आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला, तो काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. डॉ. आंबेडकरांनी १९४६मध्ये काळ्यांचे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि डु बॉइस यांचे उत्तरही आले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. म्हणून वामनदादांचे जीवन ब्लूजच्या शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्हींचे मोठेपण अधिक स्पष्ट दिसते.

देशवंडी ते शिवडी

वामनदादांचे बालपण महार समाजातल्या गरीब कुटुंबात गेले. वडील तबाजी, आई सईबाई, थोरला भाऊ आणि बहीण असे घर होते. त्या काळात नाशिक जिल्हा चळवळीने ढवळून निघाला होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे सुमारे पाच वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. फेब्रुवारी १९३८मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बजावून सांगितले. वामनदादांच्या वयाची सात ते पंधरा ही वर्षे या वातावरणात गेली. त्यांच्या गीतांत जातीचा आणि भाकरीचा प्रश्न कायम एकत्र येतो, त्याचे मूळ इथे आहे.

पोट भरण्यासाठी आईबरोबर ते मुंबईला आले आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत राहू लागले. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी या ठिकाणी या चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक कुटुंबाला सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली, मजल्यावर सगळ्यांत मिळून शौचालय, अशी तिथली व्यवस्था. खोली लहान असल्याने माणसांचा बराचसा वेळ व्हरांड्यात आणि पटांगणात जाई. भजन, तालीम, लेझीम, सभा, भांडण, समेट सगळे उघड्यावर. या पटांगणात वामनदादांना त्यांचे पहिले श्रोते मिळाले.

मिळेल ते काम त्यांनी केले. कोळशाच्या वखारीत ओझी वाहिली, गिरणीत राबले, खडी फोडली, चिक्की विकली, बर्फाची कांडी विकली, टाटांच्या तेल कंपनीतही काही काळ नोकरी केली. बाबासाहेबांच्या समता सैनिक दलात ते सामील झाले. चाळीतल्या मुलांना लेझीम आणि लाठी शिकवणे, मिरवणुकीची शिस्त राखणे, सभेची व्यवस्था पाहणे ही कामे दलाच्या तरुणांकडे असत. बाबासाहेबांच्या सभा त्यांनी या काळात ऐकल्या आणि पुढच्या सगळ्या आयुष्याला तिथे दिशा मिळाली.

अक्षरओळख

दलातल्या तरुणाकडे चाळीतली माणसे विश्वासाने येत. एकदा एक माणूस गावाकडून आलेले पत्र घेऊन वामनदादांकडे आला आणि वाचून दाखवा म्हणाला. त्यांना वाचता येत नव्हते. ती शरम त्यांच्या जिव्हारी लागली. हा प्रसंग ते स्वतः सांगत असत. त्यानंतर देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरे आणि बाराखडी गिरवली. जोडाक्षरे मात्र ते रस्त्यावर शिकले. चालता चालता दुकानांच्या पाट्या वाचायच्या, अडलेले अक्षर ओळखीच्या शब्दावरून लावायचे, हा त्यांचा अभ्यास झाला.

ऐन तारुण्यात अक्षर मिळाल्याचा ठसा त्यांच्या लेखनावर कायम राहिला. ते कानाने लिहीत. शब्द कागदावर येण्याआधी तोंडात फिरलेला असे आणि चालीत बसलेला असे. म्हणून त्यांच्या गीतांत न उच्चारता येणारा शब्द सहसा सापडत नाही. संस्कृतप्रचुर भाषेची गरज त्यांना पडली नाही, कारण ज्यांच्यासाठी लिहायचे ती माणसे त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होती.

जलशाचा वारसा आणि पहिले गीत

वामनदादा लिहू लागले तेव्हा त्यांच्या मागे एक घडलेली परंपरा होती. फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा बाज घेऊन जलसे सुरू केले. गण, गौळण, बतावणी, वग ही चौकट लोकांच्या ओळखीची होती. तिच्यात त्यांनी अंधश्रद्धेवर, सावकारीवर आणि भटशाहीवर प्रहार करणारा मजकूर भरला. पुढे १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे निघाले. त्यांत नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा विशेष गाजला. हे जलसाकार दिवसा मजुरी करत आणि रात्री गॅसबत्तीच्या उजेडात खेळ करत. बाबासाहेबांच्या सभेआधी जलसा व्हायचा, लोक जमायचे, सभेत काय बोलले जाणार याची मनाची तयारी व्हायची.

वामनदादांचे पहिले गीत ३ मे १९४३ रोजी जन्मले. जागा भायखळ्याची राणीची बाग. एका हिंदी गीताच्या चालीवर त्यांनी नवरा-बायकोच्या भांडणाचे विनोदी विडंबन रचले आणि सोबतच्या मंडळींना गाऊन दाखवले. मंडळी हसली, पुन्हा म्हणायला लावले. आपल्याला गाणे रचता येते, हे त्यांना त्या दिवशी कळले. पुढे साठ वर्षे त्यांनी दुसरे काही केले नाही.

त्याच १९४३ साली मिसिसिपीतल्या मळ्यावरचा ट्रॅक्टरचालक मडी वॉटर्स शिकागोला जाणाऱ्या गाडीत बसला. तिथे त्याने कागदाच्या कारखान्यात काम केले, ट्रक चालवला आणि रात्री दारूच्या गुत्त्यांत गायला सुरुवात केली. शहरातल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, तेव्हा त्याने विजेवर चालणारी गिटार घेतली आणि खेड्यातल्या ब्लूजला शहराचा आवाज मिळाला. गावात राहणे अशक्य झालेली माणसे कारखान्याच्या शहरात येतात आणि तिथे त्यांचे गाणे बदलते, ही गोष्ट शिकागोत आणि मुंबईत एकाच सुमारास घडत होती.

गीताची घडण

ब्लूजच्या पारंपरिक कडव्यात तीन ओळी असतात. पहिली ओळ दुःख मांडते, दुसरी ओळ तीच पुन्हा म्हणते आणि तिसरी तिचे उत्तर देते. बारा खंडांचे एक आवर्तन त्यात पूर्ण होते. प्रत्येक ओळीनंतर गायक थांबतो आणि त्या मोकळ्या जागेत गिटार त्याला जबाब देते. ओळ दुसऱ्यांदा म्हटली जाते तोवर गायकाला पुढची ओळ सुचते आणि श्रोत्याच्या मनात पहिली पक्की होते.

वामनदादांच्या गीतात हे काम ध्रुपद करते. ध्रुपदाची ओळ छोटी, ठाशीव आणि बोलण्यातली असते. मुख्य गायक ती टाकतो आणि कोरस उचलून धरतो. मग अंतरा येतो. त्यात एखादे उदाहरण, एखादा सवाल किंवा चळवळीतली घटना येते आणि शेवटचे यमक पुन्हा ध्रुपदावर आणून सोडते. तिसऱ्या अंतऱ्यापर्यंत समोरचा मंडप स्वतःच कोरस झालेला असतो. निरक्षर श्रोत्याला गीत पाठ व्हावे यासाठी इतकी नेमकी रचना दुसरी नसेल.

शेवटच्या अंतऱ्यात बहुधा ‘वामन’ हे नाव येते. संतांच्या अभंगांत आणि उर्दू गझलेच्या मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, कवी आपले नाव गुंफतो, ती ही नाममुद्रा. वामनदादांना अभंगाची रीत घरादारातून मिळाली होती आणि गझल, कव्वाली मुंबईच्या कामगार वस्त्यांतून. दोन्ही घराण्यांचे संस्कार त्यांनी सहज पचवले. त्यांनी हिंदीतही रचना केल्या. नाममुद्रेचा व्यवहारात मोठा उपयोग झाला. छापील कागदाशिवाय तोंडोतोंडी फिरणाऱ्या गाण्याचा कर्ता कोण, हे त्या एका नावामुळे टिकून राहिले.

चालींच्या बाबतीत त्यांनी सोवळे पाळले नाही. लावणी, पोवाडा, भारूड, कव्वाली, सिनेमाचे गाणे, जी चाल लोकांच्या ओठावर होती ती त्यांनी घेतली. चाल ओळखीची असली की श्रोत्याचे सगळे लक्ष शब्दांकडे जाते. नव्या विचारासाठी जुनी वाट वापरण्याची ही जलसाकारांची युक्ती होती आणि वामनदादांनी ती काव्याच्या पातळीवर नेली.

साथीला पेटी, ढोलकी किंवा तबला, डफ, खंजिरी आणि बॅन्जो असतो. हा बॅन्जो म्हणजे बुलबुल तरंग. जपानमध्ये १९१२च्या सुमारास बनलेल्या एका तंतुवाद्यापासून तो आला आणि कव्वालीच्या मैफलींत रुळला. लांबट पोकळ लाकडी पेटीवर पोलादी तारा ताणलेल्या असतात. वर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताच्या बोटांनी कळ दाबली की ती तारेवर बसते आणि उजव्या हातातली छोटी पट्टी तार छेडते. सूर टोकदार, झणझणीत आणि लांबवर जाणारा. गायकाची ओळ संपते तिथे बॅन्जो तीच ओळ वाजवून दाखवतो आणि गायक श्वास घेतो. ब्लूजमध्ये गिटारीचे जे काम, ते भीमगीतात, म्हणजे बाबासाहेबांवरच्या गाण्यात, या वाद्याचे. पुढे त्यालाही वीज जोडली गेली आणि ठाण्या-मुंबईच्या मिरवणुकांत तो आजही वाजतो.

गीतांतले विषय

वामनदादांच्या गीतांच्या मध्यभागी बाबासाहेब आहेत. त्यांचे शिक्षण, चवदार तळ्याचा सत्याग्रह, राज्यघटना, धम्मदीक्षा, पत्नी रमाईचे कष्ट हे सगळे गीतांत येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. या सात-आठ आठवड्यांत लाखो माणसांनी जुने देव सोडले होते आणि त्यांना मार्ग दाखवणारा माणूसही गमावला होता. घरातल्या ओव्या, पाळणे, लग्नातली गाणी, मर्तिकाची भजने जुन्या देवांची होती. त्यांच्या जागी काय म्हणायचे, हा रोजच्या जगण्यातला प्रश्न होता. वामनदादा आणि त्यांच्या पिढीतल्या गायक-कवींनी नव्या धम्माचे पाळणे, वंदनेची गीते, लग्नाची गीते रचून तो सोडवला. एखाद्या समाजाला नवे सांस्कृतिक जीवन गाण्यातून मिळाल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

स्तुतीवर मात्र ते थांबले नाहीत. एका प्रसिद्ध गीतात ते देशातल्या बड्या उद्योगपतींची नावे घेऊन, धनाच्या या राशींत आमचा वाटा कुठे आहे, असे थेट विचारतात. दुसऱ्या एका गीतात ते आपल्याच समाजाला आणि पुढाऱ्यांना धारेवर धरतात. बाबासाहेबांच्या मताची मोजकी पाच माणसे जरी खरी निघाली असती, तरी चित्र वेगळे दिसले असते, असा त्याचा आशय आहे. बाबासाहेबांचा विचार सांगणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्या गटबाजीने विटलेल्या कार्यकर्त्यांनी हे गीत पिढ्यान्‌पिढ्या म्हटले. नेत्याच्या जयंतीच्या मंचावर उभे राहून अनुयायांनाच जाब विचारण्याचे धैर्य त्यात आहे. ब्लूज बव्हंशी एकट्या माणसाचे दुःख सांगते, गाणारा ‘मी’ असतो. वामनदादांच्या गीतात बोलणारा ‘आम्ही’ आहे. संघटित चळवळीने दिलेला हा फरक दोन्ही परंपरांची तुलना करताना सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

सिनेमा, वणवण आणि संसार

सिनेमानेही त्यांना बोलावले. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या १९५९च्या गाजलेल्या चित्रपटात वामनदादांचे गीत आहे. ‘पंचारती’ या चित्रपटासाठीही त्यांनी लिहिले. तमाशापटांचा तो बहराचा काळ होता आणि गीतकाराला बरे पैसे मिळत होते. तरी वामनदादांनी आपला मुक्काम चळवळीत ठेवला. खेड्यापाड्यांतून बोलावणे येई, एसटीने जायचे, कार्यकर्त्याच्या घरी उतरायचे, मिळेल ते खायचे, रात्री गायचे आणि सकाळी पुढच्या गावाला निघायचे. नाशिक, खानदेश, मराठवाडा, विदर्भ हा त्यांचा नेहमीचा मुलूख. मानधन हाती येईलच अशी खात्री नसे. ज्या गावात उतरत तिथल्या होतकरू गायकांना ते चाल बसवून देत, वहीत गीत उतरवून देत. या दानातून शिष्यांची मोठी फळी उभी राहिली. प्रतापसिंग बोदडे हे त्यांतले ठळक नाव.

खासगी आयुष्यात त्यांनी बरेच सोसले. पहिला संसार टिकला नाही आणि लहानगी मुलगी दगावली. पुढे शांताबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि ती सोबत अखेरपर्यंत राहिली. पायाला भिंगरी लागलेल्या कवीचा संसार या माउलीने सांभाळला.

कल्याणचा आवाज : प्रल्हाद शिंदे

गीत रचणारा एक असतो आणि ते घरोघरी नेणारे कंठ अनेक असतात. वामनदादांची गीते श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, विठ्ठल उमप अशा गायकांनी गायली. ठाणे-कल्याण पट्ट्यात या परंपरेचा सर्वांत मोठा कंठ होता प्रल्हाद शिंदे यांचा. १९३३ साली जन्मलेले प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याच्या शिंदे घराण्यातले. आई-वडील भजन-कीर्तन करून पोट भरत, त्यामुळे सूर आणि ताल त्यांना लहानपणीच मिळाला. मुंबईत कव्वाल इस्माईल आझाद यांच्या पार्टीत त्यांनी कोरसमध्ये गायला सुरुवात केली. पुढे स्वतःची पार्टी काढली, ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि खड्या, पल्लेदार आवाजाचा हा गायक महाराष्ट्रभर पोहोचला. कल्याण हे त्यांच्या कुटुंबाचे गाव झाले.

त्यांची विठ्ठलाची आणि गणपतीची गीते आजही आषाढीला आणि गणेशोत्सवात ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या प्रत्येक मंडपात लागतात. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला त्याच वस्त्यांत त्यांची भीमगीते लागतात. एकाच कंठाने पंढरीची वाट आणि दीक्षाभूमीची वाट गायली, आणि दोन्हीकडच्या श्रोत्यांनी त्यांना आपले मानले.

हे गाणे कल्याणमध्ये रुजावे याला कारण आहे. नाशिककडून कसारा घाट उतरून येणारी आणि पुण्याकडून कर्जतमार्गे येणारी, अशा दोन्ही रेल्वेमार्गांचा संगम कल्याणला होतो. देशावरून मुंबईला निघालेला माणूस इथूनच पुढे जातो, आणि स्वातंत्र्यानंतर पुष्कळ माणसे इथेच थांबू लागली. आंबिवली-मोहन्याची एनआरसी, शहाडची सेंच्युरी रेयॉन, अंबरनाथची विम्को, डोंबिवलीची एमआयडीसी, ठाण्याची वागळे इस्टेट, भिवंडीचे यंत्रमाग यांनी हातांना काम दिले. १९७२च्या दुष्काळात मराठवाडा आणि सोलापूर-नगरकडची कुटुंबे आली. १९८२च्या गिरणी संपानंतर परळ-लालबागची माणसेही या बाजूला सरकली. त्यांच्याबरोबर जयंतीचे मंडप, बुद्धविहार आणि गायन पार्ट्या आल्या.

जयंतीच्या दिवसांत कल्याण-उल्हासनगरच्या वस्त्यांत होणारा गायनाचा कार्यक्रम ठरलेल्या क्रमाने चालतो. रस्त्याच्या एका टोकाला मंच, मागे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, निळे झेंडे. आरंभी त्रिसरण आणि पंचशील. मग वंदनेचे गीत, त्यानंतर बाबासाहेबांवरची गीते आणि रात्र चढली की सामना. दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, एक गायक गीतातून सवाल टाकतो आणि दुसरा त्याच वजनाचा जबाब देतो. श्रोता फर्माईशीची चिठ्ठी नोटेसह मंचावर पाठवतो, गायक माइकवरून त्याचे नाव घेतो आणि ढोलकीवर थाप पडते. घरी परतलेल्या दुसऱ्या पाळीच्या कामगारालाही शेवटचा तास ऐकायला मिळतो.

१९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि या गाण्याला दुसरा पाय फुटला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीबाहेर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेट विकल्या जाऊ लागल्या. प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद या काळात घराघरांत पोहोचले. लोकगीतांनी त्यांना पैसा आणि प्रसिद्धी दिली, भीमगीत त्यांनी सोडले नाही. नातू आदर्श शिंदे आज मराठी चित्रपटाचे आघाडीचे गायक आहेत आणि जयंतीच्या मंचावरही तितक्याच जोमाने उभे राहतात. एका घराण्याच्या तीन पिढ्यांनी कव्वालीच्या पार्टीपासून मल्टिप्लेक्सपर्यंत हा आवाज नेला.

मान्यता आणि अखेर

वामनदादांची गीते पुस्तकरूपाने उशिरा आली. ‘वाटचाल’ हा संग्रह १९७३मध्ये निघाला, त्यानंतर ‘मोहळ’ आणि ‘हे गीत वामनाचे’, आणि १९९६मध्ये ‘माझ्या जीवनाचं गाणं’. १९९३ साली वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. पाट्या वाचून अक्षर शिकलेल्या माणसाचा हा सन्मान त्या साहित्याच्या स्वभावाला धरून होता. रचलेल्या गीतांच्या मानाने छापलेली गीते थोडीच आहेत. बाकीची गायकांच्या वह्यांत, जुन्या कॅसेटांत आणि लोकांच्या तोंडी आहेत.

१५ मे २००४ रोजी वामनदादा गेले आणि सुमारे सव्वा महिन्याने, २३ जून २००४ रोजी, प्रल्हाद शिंदेही गेले. आंबेडकरी गाण्याचा शब्द आणि कंठ महाराष्ट्राने एकाच वर्षी गमावला.

पुढची वाट

वामनदादांनी घडवलेली गीताची रीत चळवळीच्या प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत जाळपोळ झाली, माणसे मारली गेली, मोर्चे निघाले, आणि त्या मोर्च्यांना गाणी शाहिरांनी पुरवली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या २०११च्या माहितीपटाचा आरंभ या घटनेतून होतो आणि वस्त्यावस्त्यांतून चाललेले हे गाणे त्यात भरभरून दिसते. संभाजी भगत यांच्यासारख्या शाहिरांनी पुढच्या पिढीला ते नव्या बाजात दिले.

ब्लूजला जगाची मान्यता मिळाली ती गोऱ्या इंग्रज पोरांच्या बँडनी १९६०च्या दशकात ते उचलल्यावर. मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून रोलिंग स्टोन्सने आपले नाव घेतले. आज अमेरिकेत त्या गाण्याची संग्रहालये आहेत, जुनी ध्वनिमुद्रणे जतन केली जातात, गीतांचे कर्ते नोंदले जातात. मराठीत वामनदादांवर प्रबंध लिहिले गेले, त्यांच्या नावाने कार्यक्रम होतात, तरी त्यांच्या गीतांच्या संकलनाचे बरेच काम अजून बाकी आहे. विखुरलेल्या वह्या गोळा करणे, एकाच गीताचे निरनिराळे पाठ ताडून पाहणे, चाली ध्वनिमुद्रित करणे आणि ज्या ज्येष्ठ गायकांना ती गीते मूळ चालीत येतात त्यांच्याकडून ती वेळेत उतरवून घेणे, हे काम विद्यापीठांनी आणि सरकारने अंगावर घ्यायला हवे. मराठी कवितेच्या इतिहासात केशवसुत, मर्ढेकर, ढसाळ यांच्या बरोबरीने वामनदादांचे पान असायला हवे, कारण विसाव्या शतकात त्यांच्याइतकी मराठी माणसांना तोंडपाठ असलेली कविता फार थोड्यांनी लिहिली.